विकणाऱ्याचे बोल आणि कुंदाताई

मी तरुण असताना, म्हणजे बासष्ट वर्षांची असताना, एका जुन्या गाडीच्या प्रेमात पडले. गाडीच्या म्हणणंही खोटंच. तिच्या सीटच्या कव्हरांच्या. मोरपंखी रंग, कडेला पांढरी दुहेरी शिलाई आणि पायाशी त्याच रंगाचा गालिचा. विकणारे गृहस्थ बदली होऊन निघाले होते. म्हणाले, "वहिनी, ही डॉक्टरांची गाडी. दवाखाना आणि देऊळ, यापलीकडे हिचं चाक गेलेलं नाही."

वीजकेंद्राच्या वसाहतीत मी आयुष्य काढलेलं. तिथल्या गणपतीपासून हळदीकुंकवापर्यंत सगळी सूत्रं माझ्या हातात. माणसं ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मला वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायची. तेव्हा बॉनेट उघडायला सांगणं हा मला त्या सज्जन माणसाचा अपमान वाटला. एक फेरीही मारून पाहिली नाही. सीटवरून हात फिरवला आणि ह्यांना म्हटलं, "घ्या." हे म्हणजे आमचे श्रीयुत माने. मी सांगितलं की ते घेतात. लग्नापासूनची सवय आहे.

काही दिवसांत चिल्हार फाट्याच्या अलीकडे गाडीचा गिअर पडेनासा झाला. ट्रॅक्टरला दोर बांधून आमची वरात बोईसरला परत आली. गॅरेजवाल्याने मोरपंखी गालिचा उचलला. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे, खाली, पत्र्याला चार भोकं होती. दुसऱ्या ब्रेकची. आमची डॉक्टरांची गाडी मुळात ड्रायव्हिंग क्लासची होती. अर्ध्या तालुक्याने तिच्यावर गिअर टाकायला शिकून घेतलं होतं.

तर त्या रागात मी ज्यांच्याकडे गेले, त्या कुंदाताई संखे. वकील. आज त्या नाहीत, आणि त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर आधी माझीच गाडी पुढे आली. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "वहिनी, तुमची गाडी हाकून झाली आसंल तर मुद्द्यावर या."

त्यांचं ऑफिस बोईसरला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. कायद्याच्या पुस्तकांवर गव्हाची पांढुरकी साय धरलेली असे. खाली गिरणी सुरू झाली की माडी थरथरायची आणि बोललेलं ऐकू यायचं नाही. मग ताई बोलणं अर्ध्या वाक्यात सोडून चिकू खायला घ्यायच्या. साल काढायच्या नाहीत. समोरचा अशील बापडा गप्प बसून राही, आणि त्या सक्तीच्या शांततेत त्याला खरं काय ते आठवू लागे. मी एकदा म्हटलं, "ताई, जागा बदला हो." म्हणाल्या, "का? गिरणी उलटतपासणी घेते माझ्यासाठी. फुकट."

बुटकी मूर्ती, सुती साडी, तिच्याखाली कॅनव्हासचे बूट. गाव सफाळ्याच्या आतल्या बाजूला, घरी भातशेती. कोर्टात त्यांची भाषा अशी शुद्ध की वाटावं आत्ताच व्याकरण धुऊन वाळत घातलंय. पण माडीवर अशिलाशी बोलताना 'आमी, तुमी, हाय, नाय' सुरू. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, ही कसली वकील? माझ्या डोक्यातला वकील उंच, चष्मेवाला आणि इंग्रजीत खोकणारा होता.

"त्याला तुरुंगात घाला," मी खुर्चीवर बसायच्या आत म्हणाले. "नीच, नालायक, विश्वासघातकी..."

"विशेषणं पायरीवर ठेवा," त्या म्हणाल्या. "चपला ठेवता तिथं. जाताना परत घेऊन जा, कुणी चोरत नाय. आता सांगा, तो काय बोलला?"

"म्हणजे मला असं वाटलं की..."

"तुमाला काय वाटलं ते नको. तो काय बोलला? त्याच शब्दांत."

आणि मग त्यांनी त्यांचा तो प्रसिद्ध खेळ मांडला. स्वतः उठून माझ्या खुर्चीत आल्या, मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. "मी माने वहिनी. तुमी विकणारा. विका मला गाडी."

मी लाजले. मग जरा विकली. मग मला अशी काही झिंग चढली की विचारू नका. "वहिनी, डॉक्टरांची गाडी! वहिनी, इंजिन म्हणजे लोणी!" मी टेबलावर थाप मारून म्हणाले, "वहिनी, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय!"

"थांबा," कुंदाताई म्हणाल्या. "लोणी तो बोलला का तुमी?"

"...मी."

"आणि दुसरं गिऱ्हाईक?"

"ते पण मीच."

"बघा. खुर्ची मिळाली की माने वहिनीसुद्धा थापा मारतात. आता मी जे विचारते ते खरं सांगा. गालिचा उचलून बघितलात?"

खाली गिरणी सुरू झाली. त्यांनी चिकू घेतला. तेवढ्या वेळात मला घाम फुटला.

गिरणी थांबल्यावर त्यांनी मला माझी जागा समजावून दिली, म्हणजे कायद्यातली. विकणारा दुकानदार असता, गाड्यांचा धंदा करणारा डीलर असता, तर ग्राहक आयोगात जाता आलं असतं. पण हा एकदाच स्वतःची गाडी विकणारा साधा माणूस. त्याच्यावर ग्राहकाचा कायदा चालत नाही. दिवाणी दावा लावता येईल, खोटं सांगून करार केला म्हणून. "पण तिथं त्याचा वकील मला पयला प्रश्न ईचारील, की बाईंनी साधी खबरदारी घेतली आसती तर खरं कळलं नसतं का? आणि तुमी तर गालिचा उचलायला वाकलासुद्धा नाय. केस कच्ची हाय, वहिनी. नोटीस धाडू, तो घाबरला तर दुरुस्तीचा अर्धा भार उचलील. बाकीच्यावर पाणी सोडा."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी वकील बदलला असता. पण 'कच्ची हाय' हे त्या इतक्या मायेनं म्हणाल्या, जसं घरची वडीलधारी म्हणते की भात अजून कच्चा आहे, थांब जरा. विकणाऱ्याने खरंच अर्धा भार उचलला. आणि मी त्या माडीवर जायची ती जातच राहिले. आधी आभार मानायला, मग कुठलं तरी प्रतिज्ञापत्र मराठीत नीट लिहून द्यायला, मग उगीचच. घरी ह्यांना सांगायची, "कोर्टाचं काम आहे." त्यांना वाटे मी कायदा शिकते आहे. मी चिकू खात असे.

त्यांच्याकडे येणारी बरीचशी माणसं जुन्या गाड्यांनी पोळलेलीच असत. सरावलीत भाड्यानं राहणारे कारखान्यातले कामगार, रात्रपाळीला जायला जुनी मोटारसायकल घेणारे. एकाच्या मोटारसायकलवरचा चेसिस नंबर घासून पुन्हा ठोकलेला निघाला. तो हात जोडून म्हणत होता, "मॅडम, बस पैसा वापस दिला दो, पुलिस नहीं." ताई म्हणाल्या, "बेटा, ये गाडी चोरी की होगी तो पुलिस तेरे पास आयेगी. उसके पहले तू जा. मैं साथ चलती हूँ." आणि भर दुपारी त्याच्याबरोबर चौकीपर्यंत चालत गेल्या. त्यांना स्वतःला कुठलंच वाहन चालवता येत नव्हतं. सहा आसनी रिक्षात कोपऱ्यात बसून त्यांनी सगळी वकिली केली. मी विचारलं, "एखादी स्कूटर तरी?" तर म्हणाल्या, "मी या धंद्यात पस्तावलेलीच माणसं बघते. घटस्फोटाचे खटले लढवणाऱ्या वकिलाला विचारा, तो हौसेनं बोहल्यावर चढेल का?"

आता भानूची गोष्ट. खरं तर हीच सांगायची होती.

भानू तामोरे दांडीची. समुद्रावरचं गाव, मासळी विकणारी बाई. नवऱ्याला दम्यामुळे बोटीवर जाता येईना, तेव्हा तिने अंगावरच्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या आणि बोईसरच्या एका डीलरकडून जुना छोटा टेम्पो घेतला. स्वतः चालवायला शिकली, लायसन काढलं. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची आणि दुसऱ्यांच्या आधी बोईसरच्या बाजारात उतरवायची, एवढं तिचं गणित. मासळीचं गणित वेळेचं असतं. उशिरा पोचलेला पापलेट हा मांदेलीच्या भावात जातो. टेम्पो घेऊन महिनाही झाला नसेल, पाम गावाजवळच्या गतिरोधकावर तो मधोमध वाकला. नुसता वाकला नाही, खालचा सांगाडा, म्हणजे चेसिस, तुटून पत्रा जमिनीला टेकला. बर्फ रस्त्यावर, बोंबील रस्त्यावर, भानू रस्त्यावर.

"डीलर काय बोलला?" ताईंनी विचारलं.

"बोलला, ताय, एक खरोच नाय, ठोकलेली नाय, चेसिस कंपनीची हाय." भानू एका दमात म्हणाली. तिला खेळाची गरजच पडली नाही. मासळीवाल्या बाईला कोण काय भाव बोललं ते शब्दाला शब्द आठवतं. "वकीलबाय, माजा भाव हाय, वेल्डिंगवाला. तो उद्याच जोडून देल. मग भांडू ना डीलरशी."

"खबरदार!" ताईंचा आवाज गिरणीच्याही वर गेला. "हात लावायचा नाय. बाय, तुजा टेम्पो आता टेम्पो नाय, साक्षीदार हाय. साक्षीदाराला कोणी रंग लावतं का?"

तिथेच दोघींचं पहिलं भांडण झालं. भानूचं म्हणणं साधं होतं. टेम्पो उभा राहिला तर ती खाईल काय? पाटल्या गेल्या, टेम्पो गेला, आता पुन्हा दुसऱ्याच्या गाडीत पाट्या टाकून तो नेईल तेव्हा जायचं. ताईंचं म्हणणंही साधं होतं. तिऱ्हाईत तज्ज्ञाने तपासल्याशिवाय जोडलास, तर उद्या डीलर म्हणेल, तुझ्याच भावाने बिघडवला. शेवटी टेम्पो दांडीत भानूच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला. तज्ज्ञ आला, फोटो काढले, अहवाल दिला. चेसिस पूर्वीच कधीतरी तुटलेली होती, ती जोडून वर काळा रंग फासला होता, आणि आता त्याच जोडावर पुन्हा गेली होती. ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. आणि मग तारखा.

तारखांनी माणूस जेवढा थकतो तेवढा फसवणुकीनेही थकत नाही. मध्ये भानू यायचीच बंद झाली. फोन उचलेना. तेव्हा कुंदाताई मला घेऊन दांडीला गेल्या. मला वाटलं, आता भाषण होणार. भाषण नाही, काही नाही. भानू ओट्यावर सुकट निवडत होती. ताई कॅनव्हासचे बूट काढून तिच्या शेजारी बसल्या आणि निवडू लागल्या. मी नाकाला पदर लावून बसले होते. इतकी वर्षं किनाऱ्यावर काढून मी सुकटीच्या वासाला अजून पाहुणीच.

"वकीलबाय," शेवटी भानूच म्हणाली, "डीलरचा माणूस आलता. केस मागं घे बोलतो, चेसिस फुकट जोडून देतो."

"मग?"

"घेऊ?"

"तुजा टेम्पो हाय, तूच ठरव. जोडलेला टेम्पो पहाटेच्या अंधारात, बर्फानं भरून, तू चालवशील?"

भानूने पाटीतला एक खडा वेचून अंगणात फेकला. "माजा मुलगा बसतो बाजूला," ती म्हणाली. आणि पुढच्या तारखेला आली.

त्या तारखेला डीलरच्या वकिलाने तीन बाण सोडले. पहिला, ही बाई धंदा करते, ग्राहक नाहीच. ताईंनी भानूचं लायसन पुढे ठेवलं. स्वतः राबून पोट भरायला घेतलेलं वाहन. अशा माणसाला कायदा ग्राहकच मानतो. दुसरा बाण, मासळीचं खारं पाणी गळून चेसिस सडली. ताई उभ्या राहिल्या आणि त्या धुतलेल्या मराठीत म्हणाल्या, "खारं पाणी लोखंड खातं, हे मला मान्य आहे. खारं पाणी वेल्डिंगही करतं, हे मी आज प्रथम ऐकते."

तिसरा बाण मात्र खरा टोकदार होता. आजकाल गाडी ताब्यात देताना डीलर मोबाइलवर चित्रफीत काढतात. हार घातलेला टेम्पो, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, फुटलेला नारळ. त्या चित्रफितीत डीलर विचारतो, "ताई, गाडी कशी आहे?" आणि भानू, नाकात नथ, कपाळाला मळवट, हसत म्हणते, "एकदम चांगली हाय! काय खोट नाय!" वकील म्हणाले, बघा, बाईंनी पाहून, पारखून, समाधानाने गाडी स्वीकारली. स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

आम्ही माडीवर इतके दिवस विकणारा काय बोलला हेच घोकत होतो. घेणारी काय बोलली हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. मी मनातल्या मनात पाटल्यांवर पाणी सोडलं.

कुंदाताईंनी ती फीत पुन्हा लावायला सांगितली. पाहिली. मग आयोगाच्या अध्यक्षांना विचारलं, "साहेब, आपण कधी बारशाला गेला आहात?"

"गेलो आहे. का?"

"पाळण्यात वाकून आपण काय म्हणालात?"

अध्यक्ष जरा घोटाळले. "छान आहे म्हणालो."

"बाळाचं नाक चपटं असतं, तरी छानच म्हणाला असता. आमच्याकडे नव्या वस्तूला पूजेच्या वेळी कोणी नाव ठेवत नाही. अशुभ मानतात. माझी अशील त्या क्षणी गाडीची तपासणी करत नव्हती, गाडीला आशीर्वाद देत होती. ती टेम्पोखाली शिरून चेसिस बघून आली आणि मग बोलली, असं या चित्रात कुठं दिसतं? आणि जो जोड रंगाखाली लपवला होता, तो नथ घातलेल्या बाईला नारळ फोडता फोडता दिसावा, अशी माझ्या विद्वान मित्रांची अपेक्षा आहे का?"

त्यांचे विद्वान मित्र, म्हणजे डीलरचे वकील, खाली बघून हसले. बाहेर आल्यावर ताईंनी पर्समधून चिकू काढून त्यांच्याही हातावर ठेवला.

निकाल भानूच्या बाजूने लागला. डीलरने टेम्पो परत न्यावा, घेतलेली किंमत परत द्यावी, वर झालेल्या त्रासाची भरपाई. वरच्या आयोगात अपील करायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. डीलरने विचार केला आणि मुकाट्यानं पैसे दिले. भानूने पाटल्या केल्या नाहीत, दुसरा टेम्पो बघायला लागली, आणि या वेळी आपल्या वेल्डर भावाला आधी टेम्पोखाली घातला. मला वाटलं, झालं, संपलं.

तर एका सकाळी ताईंचा फोन. "माने वहिनी, वसाहतीच्या गणपतीची उत्तरपूजा तुमीच सांगायच्या ना? पळी-पंचपात्र घ्या आणि दांडीला या. लगेच."

मी पोचले तर अंगणात डीलरची क्रेन उभी, आणि क्रेन व टेम्पो यांच्यामध्ये भानू उभी. पदर खोचलेला.

"नाय देणार!" ती म्हणत होती. "पूजलेली हाय ती. घरात आलेली लक्ष्मी अशी हुकाला टांगून न्यायची? मेलेल्या म्हशीवानी?"

क्रेनवाला कपाळाला हात लावून बसलेला. "मॅडम, ऑर्डर आपकाही है, गाडी भी आपही नहीं छोडते..."

मला हसू यायला लागलं. एवढं भांडून जिंकली, आणि आता ज्याच्यासाठी भांडली तेच करायला तयार नाही! मी काहीतरी खोचक बोलणार तेवढ्यात कुंदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की शब्द दातांशीच राहिले. "तिचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "आणलेल्या देवाला तरी आपण असंच रस्त्यावर टाकतो का? निरोप देतो. बाय, दही-पोहे कर."

आणि मग मी, सांगलीकडची माने वहिनी, एका मोडक्या टेम्पोची उत्तरपूजा सांगितली. ताडपत्री काढली. बॉनेटवर पुसट झालेलं स्वस्तिक होतं, त्यावर भानूने नवं कुंकू लावलं, फूल वाहिलं, दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवला. तिचा नवरा धापा टाकत घंटा वाजवत होता. क्रेनवाल्यानेही चपला काढल्या. मी अक्षता टाकत सवयीने सुरू केलं, "इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय..."

"ते गाळा!" कुंदाताई किंचाळल्या. "वहिनी, पुनरागमन नको! हिला परत बोलवू नका!"

भानू इतकी हसली की तिला टेम्पोला धरून उभं राहावं लागलं. मग हसता हसताच रडली, टेम्पोवर डोकं टेकून. मग उत्तरपूजेत मूर्ती हलवतात तसा तिने दोन्ही हातांनी टेम्पो किंचित हलवला आणि बाजूला झाली. क्रेनचा हूक लागला.

"थांब जरा," ताई क्रेनवाल्याला म्हणाल्या. त्यांनी निरांजनातलं उरलेलं तेल कुंकवाच्या करंड्यात ओतलं, बोटाने कालवलं आणि समोरच्या काचेवर लिहायला लागल्या. मोठ्या, लाल, ठळक अक्षरांत. क्रेनवाल्याने ऐकलं नाही की त्याला घाई होती, कोण जाणे. टेम्पोचं नाक हळूहळू उचलायला लागलं. काच वर चालली. ताई टाचा उंचावून लिहितायत, जीभ दातांत धरलेली, तेलाचं कुंकू मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतंय. 'चेसिस तुटून जोडलेली' एवढं झालं आणि हात पुरेना.

मासळीची पाटी उचलावी तशी भानूने वकीलबायला कमरेत धरलं आणि उचललं.

त्यानंतर मी मुलीकडे पुण्याला गेले आणि परत यायच्या आत कुंदाताई गेल्याची बातमी आली. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं हेच शेवटचं रूप आहे. कॅनव्हासचे बूट हवेत, साडीवर कुंकवाचे ओघळ, खाली भानू ओरडतेय, "आवरा वकीलबाय, जड लागताव!" आणि वर त्या काचेशी नाक लावून पुढच्या गिऱ्हाइकासाठी शेवटचा शब्द घालतायत. 'आहे' लिहायला बहुधा जागा उरली नव्हती. त्यांनी लिहिलं, 'हाय'.